प्रकल्प नोंदी: अ‍ॅक्टिनला एटीपी नक्की कशाला लागतो?

६ जानेवारी

विषय फायनल झाला. अ‍ॅक्टिन (पेशीच्या सांगाड्यातलं आणि स्नायूतलं, तंतू बनवणारं प्रोटीन), आणि त्याची रचना त्याच्या कामाशी कशी जोडलेली आहे ते. विषय एवढा मोठा आहे की त्यात माणूस हरवून जाईल, म्हणून मॅडमनी पहिल्याच मीटिंगमध्ये एक प्रश्न हातात ठेवला: अ‍ॅक्टिनच्या पोटात एटीपी (पेशीचं इंधन) असतो, तो कशाला? आम्ही दोघांनीही एकाच दमात सांगितलं की पॉलिमराइझ व्हायला, म्हणजे सुटे रेणू जोडून तंतू व्हायला, एनर्जी लागते म्हणून. मॅडम म्हणाल्या, "एटीपी न जाळताही ते जोडलं जातं. आता सांगा." आणि मीटिंग संपली.

म्हणजे पुढचे तीन महिने हाच प्रश्न.

८ जानेवारी

वाचन. अ‍ॅक्टिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते १९४२ मध्ये ब्रूनो स्ट्राउब यांनी, हंगेरीत सेगेडला, सेंट-ग्यॉर्गी यांच्या लॅबमध्ये. त्यात एटीपी असतो आणि फिलामेंट (तंतू) बनताना त्याचा एक फॉस्फेट तुटून एडीपी होतो हे कळलं १९५० ला. मग साहजिकच सगळ्यांना वाटलं असणार की जोडायची किंमत म्हणून एटीपी खर्च होतो. पण १९७३ मध्ये कुक आणि मर्डॉक यांनी एएमपीपीएनपी घातलेलं अ‍ॅक्टिन वापरलं, म्हणजे एटीपीचा असा भाऊ की जो तुटतच नाही, आणि तरी फिलामेंट व्यवस्थित तयार झाले. नुसत्या एडीपीवालं अ‍ॅक्टिनसुद्धा पॉलिमराइझ होतं, फक्त जास्त कॉन्सन्ट्रेशन लागतं.

मग पेशी एवढा एटीपी का उडवते? प्रत्येक मोनोमर (अ‍ॅक्टिनचा एक रेणू) फिलामेंटमध्ये आला की एक एटीपी गेला, आणि एका मायक्रोमीटर फिलामेंटमध्ये साधारण ३६० मोनोमर असतात. हे उगाच होत नसणार.

१३ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस पायमॉलसमोर (प्रोटीनच्या रचना दाखवणारं सॉफ्टवेअर). १एटीएन (रचनांच्या डेटाबेसमधला नंबर) उघडलं, १९९० ची काब्श, होम्स वगैरे लोकांची रचना, २.८ अँगस्ट्रॉम. इथे अ‍ॅक्टिन डीएनेज-१ ला (डीएनए तोडणारं एन्झाइम) चिकटलेलं आहे, कारण एकटं अ‍ॅक्टिन क्रिस्टल व्हायच्या आत फिलामेंटच बनवून बसतं. त्यामुळे इतकी वर्षं कोणालाच याचं चित्र मिळत नव्हतं, शेवटी त्याला कोणीतरी धरून ठेवणारा शोधावा लागला.

रचना अशी: ३७५ अमिनो अ‍ॅसिडं, ४२ किलोडाल्टन, चपटी वडीसारखी गोष्ट, रुंदी आणि उंची साडेपाच नॅनोमीटरच्या आसपास आणि जाडी साडेतीन. चार सबडोमेन. १ आणि २ एका बाजूला, ३ आणि ४ दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही अर्ध्यांच्या मध्ये खोल फट. त्या फटीच्या तळाशी एटीपी, त्याच्यासोबत एक कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम. दोन अर्धे एकमेकांना फक्त तळाशी जोडलेले आहेत, साखळी तिथून दोनदाच आरपार जाते, म्हणजे ते बिजागरच आहे. एटीपी काढून घेतला तर प्रोटीन टिकत नाही, लवकर खराब होतं. म्हणजे एटीपीचं पहिलं काम तर हेच, दोन्ही अर्ध्यांना मधून धरून ठेवणं. पण एवढ्यासाठी एडीपीही चालला असता.

फटीच्या विरुद्ध टोकाला, १ आणि ३ च्या मध्ये अजून एक खाच आहे, पाणी टाळणाऱ्या अमिनो अ‍ॅसिडांनी भरलेली. या खाचेवर किती जणांचा डोळा आहे ते बघून हसूच आलं: कोफिलिन, जेल्सोलिन, डब्ल्यूएच२ डोमेनवाली सगळी मंडळी (अ‍ॅक्टिनला धरणारी प्रोटीनं), सगळ्यांना तिथेच बसायचंय. आणि फिलामेंटमध्ये तिथेच शेजारच्या अ‍ॅक्टिनचा डी-लूप (एक छोटा हलता लूप) येतो. एकच जागा आणि एवढे दावेदार, त्यामुळे कोण कधी बसतंय यावर पेशीतलं बरंचसं राजकारण चालत असणार.

१५ जानेवारी

डी-लूप हा सबडोमेन २ च्या टोकावरचा छोटा लूप, ४० ते ५० नंबरच्या आसपासचा. १एटीएन मध्ये तो नीट बीटा स्ट्रँड (ताणलेली साखळी) दिसतो पण तो डीएनेजमुळे तसा झालाय. १जे६झेड मध्ये (२००१, एडीपी असलेलं अ‍ॅक्टिन) तो चक्क हेलिक्स (गुंडाळलेली साखळी) आहे. बाकीच्या बऱ्याच क्रिस्टलमध्ये दिसतच नाही, इतका हलतो. १जे६झेड आल्यावर लोक म्हणायला लागले होते की एडीपी झाला की लूप हेलिक्स होतो आणि हीच एटीपी-एडीपीची खूण. सुटसुटीत गोष्ट आहे पण मला एका क्रिस्टलवरून एवढं म्हणणं पटत नाही, लूपच्या शेजारी काय येऊन टेकलंय त्यावरच त्याचा आकार ठरताना दिसतोय. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या फिलामेंटच्या रचना बघ आणि मग बोल.

२० जानेवारी

आज खरी मजा. २झेडडब्ल्यूएच उघडलं, २००९ ची ओडा आणि सहकाऱ्यांची फिलामेंटची रचना, आणि ती १एटीएन वर ठेवली. पूर्ण प्रोटीन एकदम बसवलं तर काहीच नीट बसत नाही, सगळीकडे थोडं थोडं चुकतं आणि कुठे काय बदललंय ते कळत नाही. मग फक्त सबडोमेन ३ आणि ४ बसवले, ते जवळपास तंतोतंत बसले, आणि १-२ वाला अर्धा मात्र वळलेला दिसला. अँगल काढला तर विसाच्या जवळपास आला, पेपरमध्येही २० अंशच दिलाय.

म्हणजे मोकळं अ‍ॅक्टिन थोडं पिळलेलं असतं, आणि फिलामेंटमध्ये शिरलं की सपाट होतं. एवढंच. पूर्ण प्रोटीनमध्ये मोठा बदल म्हणाल तर हा एकच. पण हा पीळ निघाला की फटीच्या तळाशी काय होतं ते बघा: बिजागराजवळचं ग्लुटामिन १३७ एटीपीच्या शेवटच्या फॉस्फेटकडे सरकतं, आणि जे पाणी फॉस्फेटवर हल्ला करणार ते योग्य जागी यायला वाट मिळते. मोकळ्या मोनोमरमध्ये एटीपी तुटायचा वेग इतका कमी आहे की तो तुटतच नाही म्हटलं तरी चालेल. फिलामेंटमध्ये तोच वेग सेकंदाला ०.३, म्हणजे हाफ-टाइम साधारण दोन सेकंद. ब्लँचॉइन आणि पोलार्ड यांच्या २००२ च्या आकड्यांप्रमाणे फरक ४० हजार पटींच्या वर जातो.

वीस अंशांत चाळीस हजार पट! मी दोन वेळा आकडा परत वाचला.

म्हणजे अ‍ॅक्टिन एटीपी जाळून जोडलं जात नाही, ते जोडलं गेल्यामुळे एटीपी जळतो. माझ्या डोक्यात कार्यकारणभाव इतके दिवस उलटा होता आणि मला वाटतं बहुतेक पाठ्यपुस्तकं वाचून तो तसाच बसतो.

लॅट्रन्क्युलिन (समुद्री स्पंजातलं विष) नेमकं फटीच्या तोंडाशी, २ आणि ४ च्या मध्ये बसतं. मग दोन्ही अर्धे हलू शकत नाहीत, सपाट होता येत नाही, फिलामेंट बनत नाही. हे रिपोर्टमध्ये टाकायचंच.

२७ जानेवारी

आजपासून ओलं काम, म्हणजे नळीतले प्रयोग. स्नायूच्या अ‍ॅसिटोन पावडरपासूनचं अ‍ॅक्टिन सीनियरनी आधीच काढून ठेवलेलं होतं, आम्ही फक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतलं, १ लाख जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या लाख पट), जुने तुकडे खाली जावेत म्हणून. जी-बफर (अ‍ॅक्टिन सुटं ठेवणारं द्रावण): २ मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ०.२ एटीपी, ०.१ कॅल्शियम क्लोराइड, ०.५ डीटीटी. कायम बर्फावर.

पायरीन (चमकणारं रसायन) लेबल सिस्टेइन ३७४ वर लागतं, शेवटून दुसरं अमिनो अ‍ॅसिड. मोनोमरमध्ये पायरीन मंद, फिलामेंटमध्ये वीसेक पट चमकतं. ३६५ नॅनोमीटरला एक्साइट, ४०७ ला वाचायचं. पाच टक्केच लेबलवालं घेतलंय.

३० जानेवारी

पहिला कर्व्ह आला. सुरू करायच्या आधी कॅल्शियम काढून मॅग्नेशियम भरावं लागतं (थोडं ईजीटीए, जे कॅल्शियम पकडतं, थोडं मॅग्नेशियम, दोन मिनिटं थांबा), मग पोटॅशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियमचं बफर घातलं की घोडं सुटतं. तसं लगेच नाही सुटत, आधी बराच वेळ काहीच होत नाही, सपाट रेष, मशीन बंद पडलंय की काय असं वाटतं, आणि मग एकदम चढ. हा लॅग म्हणजे न्यूक्लिएशन, फिलामेंटची पहिली बी बनणं. दोन अ‍ॅक्टिन जोडले तर लगेच सुटतात, तीन झाले की जरा टिकतात, आणि तिथून पुढे सोपं. आधीच बनवलेले फिलामेंट सिरिंजने तोडून बिया म्हणून घातले तर लॅग गायब.

रचनेत याचं उत्तर सरळ दिसतं. फिलामेंट म्हणजे एकमेकांभोवती पीळ घातलेले दोन धागे, त्यात प्रत्येक अ‍ॅक्टिनला स्वतःच्या धाग्यातला वरचा-खालचा शेजारी असतो आणि पलीकडच्या धाग्यातलेही दोन. दोघंच असताना एकच संपर्क, तोही कमकुवत. आणि पेशीला हेच पाहिजे, कारण पेशीत अ‍ॅक्टिन इतकं भरलेलं असतं की लॅग नसता तर सगळीकडे मनमानी फिलामेंट उगवले असते. त्याऐवजी फॉर्मिन आणि आर्प२/३ (फिलामेंट सुरू करून देणारी प्रोटीनं) सांगतील तिथेच सुरुवात होते.

४ फेब्रुवारी

क्रिटिकल कॉन्सन्ट्रेशन काढलं, म्हणजे ज्याच्या वर गेलं की फिलामेंट बनतात ते. वेगवेगळी डायल्यूशन रात्रभर ठेवून सकाळी वाचली. ०.१ ते ०.२ मायक्रोमोलरच्या मध्ये आलं, चालेल. पोलार्ड यांचे १९८६ चे आकडे: फिलामेंटच्या एका, बार्ब्ड टोकाला ०.१२, दुसऱ्या, पॉइंटेड टोकाला ०.६. बार्ब्ड टोक वाढतंही खूप भराभर, मोनोमर येण्याचा वेग मायक्रोमोलरमागे सेकंदाला ११.६, दुसरीकडे फक्त १.३.

टोकं वेगळी आहेत कारण सगळे मोनोमर एकाच दिशेला तोंड करून बसलेत. एका टोकाला सगळ्यात शेवटच्या अ‍ॅक्टिनची १-३ वाली खाच उघडी, दुसऱ्या टोकाला डी-लूपवाली बाजू. पेशीतल्याच दुसऱ्या जातीच्या, व्हिमेंटिन, केराटिन या इंटरमीडिएट फिलामेंटमध्ये असं नसतं, ते दोन्हीकडून सारखेच, न्यूक्लिओटाइडही नाही, आणि त्यांच्यावर चालणारी मोटर प्रोटीनही सापडलेली नाही. दिशाच नसेल तर मायोसिनने (अ‍ॅक्टिनवर चालणारी मोटर) जायचं कुठे.

१० फेब्रुवारी

एडीपी-अ‍ॅक्टिन बनवलं. एटीपी काढून टाकायला हेक्सोकायनेज आणि ग्लुकोज वापरतात, हेक्सोकायनेज एटीपीचा फॉस्फेट ग्लुकोजला देतं आणि एडीपी उरतो. गंमत म्हणजे हेक्सोकायनेज अ‍ॅक्टिनचाच लांबचा नातेवाईक आहे! दोघांतही तेच दोन अर्धे, तीच फट, तेच बिजागर. एचएसपी७० (इतर प्रोटीनांना घडी घ्यायला मदत करणारं) सुद्धा त्याच घरातलं. बॅक्टेरियातलं एमआरईबी तर फिलामेंटही बनवतं, २००१ मध्ये त्याची रचना आली तेव्हा अ‍ॅक्टिनशी सीक्वेन्स जेमतेम जुळत होता पण घडी तीच. हेक्सोकायनेज फट मिटवून साखरेवर काम करतं, अ‍ॅक्टिनने तेच हलणं वेगळ्या कामाला लावलं.

असो. एडीपी-अ‍ॅक्टिनचं क्रिटिकल कॉन्सन्ट्रेशन आमचं २ मायक्रोमोलरच्या जवळ आलं, छापील आकडा १.८ च्या आसपास. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला थर्मोडायनामिक्सच्या लेक्चरमध्ये कधी कळली नव्हती आणि आज प्रयोगात बघून कळली. एडीपीवाल्या अ‍ॅक्टिनला दोन्ही टोकांना क्रिटिकल कॉन्सन्ट्रेशन एकच असावं लागतं. वेग वेगळे असू शकतात पण सुटण्याच्या आणि येण्याच्या वेगाचं गुणोत्तर सारखंच, कारण दोन्ही टोकांना बनणारा बंध तोच आहे आणि मध्ये काही खर्च होत नाहीये. टोकांमध्ये ०.१२ आणि ०.६ असा फरक पडतो तो एटीपी जळतो म्हणूनच. आणि तो फरक आहे म्हणून मोनोमर एका टोकाने आत येतात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. ट्रेडमिलिंग, वेग्नर यांनी १९७६ मध्ये दाखवलं ते.

म्हणजे जळलेल्या एटीपीने पेशीला पहिली गोष्ट काय मिळवून दिली? फिलामेंट स्थिर उभा न राहता कायम एका दिशेने सरकत राहणं. मॅडमना लिहून पाठवलं. उत्तर आलं, "अर्धं बरोबर. शुद्ध अ‍ॅक्टिन किती हळू ट्रेडमिल करतं ते बघ."

१८ फेब्रुवारी

बघितलं. फारच हळू. चालणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला अ‍ॅक्टिनचं जाळं मिनिटाभरात उलटंपालटं होतं, शुद्ध अ‍ॅक्टिनला नळीत ते जमणं शक्यच नाही. म्हणजे अजून काहीतरी आहे.

फॉस्फेट मोजायची टेस्ट लावली, एमईएसजी हे रसायन वापरून, ३६० नॅनोमीटरला वाचायची. मोकळा फॉस्फेट बाहेर आला की शोषण वाढतं. बाजूच्या क्युव्हेटमध्ये तेच अ‍ॅक्टिन पायरीनने बघितलं. दोन कर्व्ह एकावर एक ठेवले की लगेच दिसतं: पायरीन वर जाऊन सपाट झालं तरी फॉस्फेट अजून रांगतोय. एटीपी दोन सेकंदात तुटतो पण तुटलेला फॉस्फेट आतच अडकून बसतो, सुटायचा वेग सेकंदाला ०.००२ ते ०.००३, म्हणजे हाफ-टाइम चार ते सहा मिनिटं.

मला हा प्रोजेक्टमधला सगळ्यात आवडता ग्राफ आहे. कारण आता फिलामेंटवर तीन पट्टे झाले: टोकाशी एटीपीवाले ताजे, मग एडीपी आणि फॉस्फेट दोन्ही धरून बसलेले, आणि मागे नुसते एडीपीवाले जुने. औषधाच्या पाकिटावर तारीख छापतात तसं, प्रत्येक मोनोमर कधी आत आला ते त्याच्या पोटातच लिहिलेलं आहे. आणि छापायचा खर्च एक एटीपी.

२४ फेब्रुवारी

फॉस्फेट अडकतो कुठे? १९९९ मध्ये रिगर्स आणि शुल्टेन यांनी सिम्युलेशनवरून मागचा दरवाजा सुचवला होता, म्हणजे एटीपी आला त्या तोंडातून नाही तर आर्जिनिन १७७ च्या बाजूने बाहेर. २०२३ मध्ये राउन्सर आणि बिलिंग यांच्या गटांनी क्रायो-ईएमने (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघून) पुढचं दाखवलं: फिलामेंटच्या मध्यभागी तो दरवाजा बंद असतो, आर्जिनिन १७७ आणि अ‍ॅस्परजिन १११ भोवतीच्या हायड्रोजन बॉन्डच्या जाळ्याने. १११ ला अ‍ॅस्परजिनच्या जागी सेरिन टाकलं की फॉस्फेट भराभर सुटतो. आणि बार्ब्ड टोकाच्या अगदी शेवटच्या अ‍ॅक्टिनमध्ये तो दरवाजा मुळातच उघडा, तिथे फॉस्फेट पटकन जातो हे फुजिवारा, वाव्हिलोनिस आणि पोलार्ड यांनी २००७ मध्ये मोजलेलंच होतं.

एका अमिनो अ‍ॅसिडवर सगळा उशीर अवलंबून. बरं आहे.

३ मार्च

कोफिलिनचा दिवस. जुन्या फिलामेंटवर बसून ते तोडणारं हेच. फिलामेंटचा पीळही वाढवतं, प्रत्येक मोनोमरमागे १६७ अंशांचं वळण १६२ वर येतं आणि दोन धाग्यांचा क्रॉसओव्हर (एकमेकांना ओलांडायचं अंतर) ३६ नॅनोमीटरवरून २७ च्या आसपास. जिथे कोफिलिनवाला भाग संपतो आणि साधा भाग सुरू होतो तिथे तुटतं.

पायरीनने हे बघायचं नाही, सीनियरनी आधीच बजावलं होतं, कोफिलिन बसलं की पायरीनची चमक कमी होते आणि वाटतं की फिलामेंट विरघळले. म्हणून सरळ फिलामेंट फिरवून खाली बसवले (पेलेट) आणि त्यातली प्रोटीनं जेलवर वेगळी केली. बेरिलियम फ्लोराइड वापरून फॉस्फेटची जागा पक्की भरता येते पण ते विषारी, मॅडमनी नाही म्हटलं. मग साधा पोटॅशियम फॉस्फेट, २५ मिलिमोलर, पीएच ७ ला. फॉस्फेट जुन्या फिलामेंटमध्ये परत शिरतो, केडी (ज्या कॉन्सन्ट्रेशनला अर्ध्या जागा भरतात) साधारण १.५ मिलिमोलर, म्हणजे २५ ला ९४ टक्के जागा भरल्या. मिठामुळे काही झालं नाही ना हे बघायला दुसऱ्या नळीत पोटॅशियम सल्फेट.

जेल सुंदर आलं. सल्फेटच्या पेलेटमध्ये ४२ किलोडाल्टनला अ‍ॅक्टिन आणि खाली १८-१९ च्या जवळ कोफिलिनचा जाड पट्टा. फॉस्फेटच्या पेलेटमध्ये अ‍ॅक्टिन तेवढंच आणि कोफिलिन फिकट, बरंचसं वर सुपरनेटंटमध्येच राहिलेलं.

हे अ‍ॅक्टिन तेच, फिलामेंट तोच, फक्त पोटात फॉस्फेट आहे की नाही एवढाच फरक. मॅडमनी जेल उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "हं. आता उरलेलं अर्धं." म्हणजे एटीपी जळून फॉस्फेट गेला की फिलामेंट जुना ठरतो, आणि कोफिलिन त्यालाच तोडतं.

११ मार्च

आणि आता डोक्याला ताप. वाटलं होतं की एटीपीवाल्या आणि एडीपीवाल्या फिलामेंटच्या रचना शेजारी ठेवू, फरक दाखवू, आणि म्हणू की कोफिलिन हे ओळखतं. २०२२ मध्ये राउन्सर यांच्या गटाने २.२ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या रचना दिल्या, तिन्ही अवस्थांच्या, इतक्या स्पष्ट की पाण्याचे रेणू मोजता येतात. त्या एकमेकींवर ठेवल्या. जवळपास सारख्या! साखळीचा कणा तर हललेलाच नाही म्हणा. डी-लूपही मुख्यतः एकाच ठेवणीत, थोडा इकडेतिकडे. १जे६झेड वाल्या हेलिक्सचा पत्ताच नाही (१५ जानेवारीची नोंद बघा, आता बोलायला हरकत नाही).

मग कोफिलिनला कळतं कसं? त्याच वर्षी अल्युशिन यांच्या गटाने वाकलेले फिलामेंट बघितले आणि तिथे एडीपी आणि एडीपी-फॉस्फेट यांच्यात फरक दिसला, वाकवल्यावर पीळ कसा बदलतो त्यात. म्हणजे स्थिर चित्रात दोघे सारखे, पण ढकललं की वेगळे वागतात. फॉस्फेट असेल तर दोन अर्धे मधून आवळलेले, कोफिलिनला हवा तसा पीळ द्यायला महाग पडतं. फॉस्फेट गेला की तोच आकार पण सैल, पीळ द्यायला स्वस्त. आमच्या जेलमधला फिकट पट्टा मला असाच समजतोय.

मला हे उत्तर आधीच्या सोप्या उत्तरापेक्षा जास्त आवडलं. रचना म्हणजे फक्त फोटो नाही, तो आकार किती सहज बदलतो तेही रचनेतच येतं. पण परीक्षकांना हे पटवायला कष्ट पडणार.

१७ मार्च

छोटी नोंद. डिस्कशनसाठी दोन उदाहरणं घेतली. एक, मायकल नावाचं एन्झाइम: डी-लूपमधल्या मेथिओनिन ४४ ला ऑक्सिजन चिकटवतं आणि फिलामेंट विस्कटतो (२०११). शेजाऱ्याच्या खाचेत जाणारा लूप बिघडवला की झालं, आणि एसईएलआर नावाचं दुसरं एन्झाइम ते परत दुरुस्तही करतं. दोन, माणसातले सहा अ‍ॅक्टिन जीन: बीटा आणि गॅमा सायटोप्लाझमिक अ‍ॅक्टिनमध्ये फक्त चार अमिनो अ‍ॅसिडांचा फरक, तोही सुरुवातीच्या टोकाला, तरी एसीटीजी१ (गॅमाचा जीन) बिघडला की बहिरेपणा येतो. एसीटीए१ (स्नायूतल्या अ‍ॅक्टिनचा जीन) बिघडला तर नेमालाइन मायोपथी, स्नायूंचा आजार. यीस्टचं अ‍ॅक्टिन आणि आपलं जवळपास ९० टक्के सारखं आहे ते याचमुळे, पृष्ठभागावर कुठेही हात लावा, तिथे कोणी ना कोणी बसत असतं.

२४ मार्च

रिपोर्टचा ड्राफ्ट गेला. आकृत्यांचा क्रम: २० अंशांचं वळण, पायरीन आणि फॉस्फेटचे दोन कर्व्ह एकत्र, एडीपीचं क्रिटिकल कॉन्सन्ट्रेशन, सल्फेट-फॉस्फेटची जेल. आर्प२/३ च्या ७० अंशांच्या फांद्या पूर्ण कापून टाकल्या, आम्ही त्यावर काहीच केलं नाही तर उगाच पानं कशाला.

मॅडमचा एकच शेरा आला, फॉस्फेटच्या जेलखाली लिहिलेल्या वाक्यावर. मी लिहिलं होतं "कोफिलिन जुने फिलामेंट ओळखतं", त्यांनी "ओळखतं" खोडून "जुन्या फिलामेंटला जास्त घट्ट बांधतं" केलंय. बरोबर आहे.

पुढे जो कोणी घेईल त्याच्यासाठी: १११ ला अ‍ॅस्परजिनचं सेरिन, हे म्यूटंट स्नायूच्या पावडरमधून मिळणार नाही, पेशींमध्ये बनवून घ्यावं लागेल, बॅक्टेरियात अ‍ॅक्टिन नीट घडी घेत नाही कारण त्याला सीसीटी शॅपरोन (घडी घ्यायला मदत करणारं प्रोटीन) लागतो. ते मिळालं तर फॉस्फेट न घालता नुसत्या ताज्या फिलामेंटवर कोफिलिन लावा. आमचा अंदाज आहे की तिथे पट्टा सुरुवातीपासूनच जाड येईल. एमईएसजीचे उरलेले अ‍ॅलिकॉट उणे ८० मध्ये वरच्या रॅकमध्ये आहेत, बर्फावरच वितळवा आणि परत गोठवू नका.